वाघिणीच्या पावलाभोवती रिंगण

"म्हणजे आज वाघ दिसला, तर मी पास ना, बाबाजी?"

 चैतू मडावी बाबाजी काठी टेकत पायवाटेनं पुढे निघाले.

या राष्ट्रीय उद्यानात गाइड व्हायचं, तर आधी ह्या म्हाताऱ्या वाटाड्याचा होकार लागे. भूषण वांढरेला दोनदा नकार मिळाला होता. ही तिसरी आणि शेवटची खेप. म्हणून पठ्ठ्या पुस्तकंच्या पुस्तकं घोकून आला होता. झाड दिसलं की नाव, पाखरू ओरडलं की नाव. जीभ काही टाळूला लागेना.

पाणवठ्यापर्यंत गेले. वाघ नाही.

भूषणचं तोंड एवढंसं झालं. संपलं सगळं! आता गावात काय सांगायचं?

परतताना मात्र, त्याच वाटेवर, मऊ धुळीत...

"पंजा!" भूषण मटकन खाली बसला. बोटांनी मापं घेतली. "वाघीण आहे. पुढचा उजवा पाय. अगदी ताजा, बाबाजी!"

कुणाचं पाऊल पडून ठसा मोडू नये, म्हणून जाणते लोक करतात तसं त्यानं बाबाजींची काठी घेतली आणि पंजाभोवती सुबक रिंगण आखलं.

बाबाजी वाकले. काठी परत घेतली. ते रिंगण पुसून दुसरं, चांगलं हातभर मोठं काढलं.

"आता पाह्य."

भूषणनं पाहिलं.

पंजाखाली आणखी एक ठसा होता. बुटाचा. नव्याकोऱ्या बुटाचा. त्याचाच.

"म्हणजे आपण गेलो, आणि मागून ती..."

"हं."

"इतक्या जवळ? मग मला कसं नाही कळलं?"

"तू बोलत होता ना."

भूषणच्या अंगावर सर्रकन काटा आला. कान लाल झाले. आणि मग, कुठून कोण जाणे, त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. एवढा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. त्यानं पंजापुढे हात जोडले.

"नापास झालो, बाबाजी," तो हसतच म्हणाला.

"सकाळी गेटावर ये. पाहुणे येनार हायेत."

"पण... वाघ तर दिसलाच नाही!"

बाबाजी चालू लागले होते.

"आज पाहाची पाळी तिची होती, बापू."