तीन ढेपांचं ओझं

आंबेरी संस्थानचे सरकार सर्जेराव यांची दर वाढदिवशी गुळाने तुला व्हायची आणि तो गूळ गावात वाटला जायचा. पाच वर्षांत पारड्यात तीन ढेपा जास्त लागू लागल्या. सरकार मिशीला पीळ देत म्हणायचे, "आमचं पोट वाढतं, त्यात रयतेचंच तोंड गोड होतं!"

यंदा मात्र चंद्राक्का वैदीण भर दरबारात बोलली, "सरकार, ही चरबी तुमच्या जिवावर उठलीय."

सरकार गरजले, "आम्हाला ना काही दुखतं, ना खुपतं! दिवस मावळायच्या आत सिद्ध कर, नाहीतर गाव सोड!"

चंद्राक्काने त्या तीन जादा ढेपा दरबारातल्या म्हसू पैलवानाच्या कमरेला बांधायला लावल्या आणि त्याला सांगितलं, "आता यांच्यासकट ऊठ, बैस, जेव, जिने चढ." म्हसू हसला. दुपारी तो धापा टाकू लागला. संध्याकाळी सरकारांसमोर फतकल मारून रडकुंडीला आला, "सोडवा हो! जीव जाईल!"

सरकार खो खो हसले, "असला कसला रे पैलवान? एका दिवसात हरलास?"

चंद्राक्काने गाठ सोडली. "हरला, पण ओरडला तरी. तुमचं काळीज मुठीएवढं. ते पाच वर्षं रात्रंदिवस हेच ओझं ओढतंय, आणि 'सोडवा' म्हणायला त्याला तोंड नाही."

सरकारांचं हसू विरलं. दरबार इतका सुन्न झाला की दोन माणसांची धाप स्पष्ट ऐकू येऊ लागली. एक म्हसूची होती. दुसरी, सकाळपासून गादीवरून न हललेल्या सरकारांची.