थोरलीचा मान

आमच्या घरी ओटी असो की पंगत, थोरल्या सुनेचा मान पहिला, हा माझ्या थोरल्या दिरांचा, अनंतदादांचा, नियम. पाडव्याला त्यांनी माझ्या सोन्याच्या पाटल्यांकडे बोट दाखवलं.

"उतरव गं. माझ्या योजनेत घालू, वर्षात दुप्पट! धोका शून्य."

मी दचकलेच. याच पाटल्या द्यायला मी नाही म्हटलं, म्हणून नवऱ्यानं तीन दिवस अबोला धरला होता.

"देते की, दादा. पण मान थोरलीचा. आधी वहिनींच्या जाऊ देत, मागोमाग माझ्या."

सगळे वहिनींकडे वळले. त्यांनी हात पदराखाली ओढले, पण नुसत्या काचेच्या बांगड्या दिसल्याच.

नवरा पुटपुटला, "राहू दे तुझ्या."

माझ्या पाटल्या वाचल्या. थोरलीचा मान दादांनी आधीच राखला होता.