पंपांच्या ब्लॉगवरची कबड्डी

“शर्वाणी ब्लॉग लिहिणार? जेवताना मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नाही तिचं!” थोरले दीर यशोधनराव सासऱ्यांना सांगत होते, आणि नव्या सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभ्या होत्या.

घरचं पंपांचं दुकान. त्याचा ब्लॉग यशोधनराव लिहायचे आणि बहुतेक तेच वाचायचे. लग्नाआधी शर्वाणी नोकरीत ब्लॉग लिहिण्याचंच काम करायची, म्हणून तिने दुकानाचा ब्लॉग मागितला होता.

सासऱ्यांनी तिला आत बोलावलं. यशोधनरावांनी घसा खाकरून ताजा लेख वाचायला घेतला, ‘कबड्डीतून व्यवसायाचे धडे’. आजोबांनी दुकान कसं काढलं, वडिलांनी कसं वाढवलं, आपला सत्कार कुठे झाला, अगदी फेट्याच्या रंगासकट सगळं त्यात होतं.

“कबड्डीचा मुख्य धडा काय, तर दम सोडायचा नाही!” त्यांनी मोबाइल खाली ठेवला. “एक चूक काढून दाखव, ब्लॉग तुझा.”

सासरे खुदकन हसले. “बोल पोरी, शब्द दिलाय त्याने.”

शर्वाणीने दिरांपुढे कप ठेवला.

“भाऊजी, दम तुमचा दांडगाच आहे. पण अख्खा लेखभर तुम्ही आपल्याच अंगणात कबड्डी-कबड्डी करत फिरलात. गडी बाद करायचा तर रेघ ओलांडून पलीकडे जावं लागतं. तिकडे आपलं गिऱ्हाईक कधीचं उभं आहे. त्याचा पंप नुसता घुमतोय, पाणी काही वर चढत नाही. त्याच्यासाठी एक ओळ तरी लिहिलीत का?”