पोतं आणि मागची चाकं

सांगा सांगा म्हणून डोकं खाताय, तर एकदाच ऐका. बाजार समितीच्या दारात इलाही तांबोळीची हवा भरायची टपरी होती. आल्याची पोती चढली की पिकअपच्या मागच्या चाकांत तो हवा वाढवायचा. एकदा सभापती कडाडले, "लबाडा, रिकामी असो की भरलेली, गाडी तीच! मग हवा जास्त कशाला? पटवून दे, नाहीतर टपरी उचल."

"साहेब, ते एक पोतं उचलून दाखवा."

हमालांसमोर नाही कसं म्हणणार? सभापतींनी वाकून पोत्याला हात घातला आणि छाती फुगवून श्वास घेतला.

"थांबा साहेब! माणूस तोच, मग हवा जास्त कशाला भरली?"

हमाल खदाखदा हसले. टपरी जागेवर राहिली. 'लबाड' म्हटल्याची माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही. कुणी म्हणजे सभापती आनंदराव भापकरांनी.