पदराखालचे हात

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण खरं तर ती तुमच्यासाठीच आहे. किती जुनी ते विचारू नका. मी ती इतक्यांदा सांगितली आहे की सांगून सांगून कंटाळा आला. तरी सांगावी लागते.

एका नगरात तांबटांची आळी होती. उजाडलं की तिथे ठोके सुरू व्हायचे, ते दिवे लागेपर्यंत. हंडे, घागरी, घंगाळी, पराती. जन्मभर कानाशी हातोडा चालला की दुसरं काय होणार? केस पिकायच्या आत तांबटाचे कान जायचे. आळीला त्याचं काही वाटत नसे. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांची एक बोली करून घेतली होती. त्या बोलीत भाव ठरायचे, सोयरिकी जुळायच्या, आणि भांडणं तर अशी रंगायची की बघणाऱ्याने चार हात लांबच उभं राहावं.

या आळीत सगुणा राहायची. ती जन्माचीच बहिरी. तिचा नवरा रायबा हातोड्याने बहिरा झालेला. मूलबाळ नव्हतं. शेजारी भिवरा राहायची. तिचे कान शाबूत होते आणि जीभ त्याहून शाबूत. राजाची सभा भरली की भिवरा या दोघांच्या शेजारी उभी राहून राजा काय म्हणतो ते हातांनी सांगायची. मधेमधे पदरचंही घालायची. "आता कर वाढवणार बघ मेला," असं काहीबाही. पण सगुणाला सगळं कळायचं.

मग राजाला दया आली. दया काही वाईट नसते हो. पण ती केल्यावर माणूस फार लवकर निश्चिंत होतो.

राजा म्हणाला, "माझ्या राज्यात बहिऱ्यांनाही माझा शब्द कळला पाहिजे. मंचावर माझ्या शेजारी एक दुभाष्या उभा करा."

प्रधानाने मान डोलावली. त्याचा एक भाचा घरी बसून खात होता.

"मामा, मला ती हातबोली येत नाही हो," भाचा म्हणाला.

"हात आहेत ना? मग हलव," प्रधान म्हणाला. "इथे कोणाला कळतंय!"

झालं. अंगरखा, जरीचा शेला, कपाळाला गंध. राजा बोलू लागला की हा हात फिरवायचा. बोटं नाचवायचा, तळवे छातीवर ठेवायचा, मग आभाळाकडे न्यायचा. लोक राजाकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहायचे. टाळ्यांचा नुसता कडकडाट! "केवढी सोय केली हो महाराजांनी!" म्हणून बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

बहिऱ्यांसाठी मंचासमोर दोरी बांधून वेगळी बैठक केली होती. मानाची. आत बाकी कोणी यायचं नाही. त्यामुळे भिवरा दोरीच्या बाहेर राहिली.

पहिल्या सभेला सगुणा नवं लुगडं नेसून गेली होती. थोडा वेळ बघून तिने रायबाला हातांनी विचारलं, "काय सांगतोय?"

"माशा हाकलतोय," रायबाने सांगितलं.

सगुणा हसली. दुसऱ्या सभेला ती हसली नाही. तिसऱ्या सभेनंतर ती तडक दरबारात गेली. पण दरबाराचा नियम होता की बहिऱ्याचं म्हणणं सरकारी दुभाष्याच्याच तोंडून ऐकायचं. सगुणाने हातांनी सांगितलं, "महाराज, या माणसाला आमची बोली येत नाही. आम्हाला एक अक्षर कळत नाही."

भाच्याला यातलं काय कळणार? तो म्हणाला, "महाराज, बाई म्हणते, आजवर असं सुख कधी मिळालं नव्हतं."

राजाचा ऊर भरून आला. त्याने सगुणाला खण-नारळ दिला.

सगुणा नारळाकडे बघतच राहिली. तक्रारीला नारळ? ती पुन्हा गेली. पुन्हा खण-नारळ. आळीतले इतरही जाऊन आले, आणि नारळ घेऊन परतले. राजा आपली थट्टा करतोय असंच सगुणाला वाटलं. नेमाने तक्रार करायलाही अंगात बळ लागतं. ते संपलं. मग ती सभेला नुसती जाऊन बसू लागली. मंचाकडे बघायची नाही. मांडीवर हात ठेवून समोरच्याच्या पागोट्याचे पेच बघत राहायची. रायबा तर चक्क डुलकी काढायचा.

भिवराने आधी एकदोनदा घरी येऊन सांगितलं, काय काय झालं ते. मग तीही थांबली. आता सरकारचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण कशाला मधे पडा?

अशात एका सभेत राजा म्हणाला, "उद्या सकाळी वरच्या बंधाऱ्याची दारं उघडणार आहेत. नदीच्या पात्रात कोणीही उतरू नका."

भाच्याने हात पसरले, लहरी काढल्या, शेवटी नमस्कार केला. टाळ्या पडल्या.

ज्या घरांत ऐकणारी पोरं होती, तिथे रात्री जेवताना सगळ्यांना कळलं. सगुणाच्या घरी कोण सांगणार?

नवं भांडं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते चिंच लावून नदीच्या वाळूत घासायचं, अशी आळीची रीत होती. सकाळी रायबा मोठं घंगाळ डोक्यावर पालथं घालून निघाला. "भाकरी होईतो येतो," असं त्याने सगुणाला हातांनी सांगितलं आणि पात्रात उतरला. पाठ बंधाऱ्याकडे, तोंड घंगाळात.

काठावर भिवरा कपडे वाळत घालत होती. तिने पाणी येताना पाहिलं आणि मग रायबाला पाहिलं. "रायबाभावजी, अहो भावजी!" ती घसा फाटेस्तोवर ओरडली. काठावरची सगळी माणसं ओरडली. रायबा घंगाळ घासत राहिला. भिवरा खाली धावली, पण पाणी तिच्याआधी पोचलं.

घंगाळ दोन गावं खाली सापडलं. चांगलं लख्ख झालं होतं.

राजाने सगुणाला दरबारात बोलावलं. शेजारी दुभाष्या उभा होताच. सगुणाच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिने संथपणे सांगितलं, "माझ्या माणसाला कोणी सांगितलं नाही."

भाचा म्हणाला, "महाराज, बाई म्हणते, दैवापुढे कोणाचं चाललंय? आपण तरी काय करणार?"

दरबारी हळहळले. राजाने मान हलवली. सगुणाने ती हलणारी मान पाहिली, त्याच्या चेहऱ्यावरची खरी हळहळ पाहिली. समोर सेवक तबक घेऊन येत होता, आणि तबकात नेहमीचाच नारळ होता. तेव्हा तिला सगळं कळलं. इतके दिवस राजा थट्टा करत नव्हता. तिचं म्हणणं त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

तिने हात खाली घेतले, पदराखाली घातले आणि नुसती उभी राहिली.

भाच्याचं लक्ष राजाकडे होतं. तो बोलतच होता, "बाई म्हणते, महाराजांचा जयजयकार असो. बाई म्हणते, अशी सोय कुठल्याच राज्यात..."

"थांब," राजा म्हणाला. "तिचे हात तर पदराखाली आहेत. मग तू हे कोणाचं सांगतो आहेस?"

भाचा मटकन खाली बसला. "मला येत नाही, महाराज," तो रडत म्हणाला. "मी मामांना तेव्हाच सांगितलं होतं." प्रधान जमिनीकडे बघू लागला.

"हिची बोली कोणाला येते?" राजाने विचारलं. गर्दीतून भिवरा पुढे आली. सगुणाने पदराखालून हात काढले, आणि या वेळी राजाने तिचं पहिल्यांदा ऐकलं.

ऐकून राजा पांढराफटक पडला. "पण सभेत तर सगळे टाळ्या वाजवत होते!" तो म्हणाला.

"टाळ्या वाजवणाऱ्यांना ऐकू येत होतं, महाराज," सगुणाने सांगितलं. "एकदा दोरीच्या आत येऊन आम्हाला विचारलं असतंत तर बरं झालं असतं." आणि ती खाली बसली. फार दमली होती बिचारी.

प्रधानाचं पद गेलं, भाच्याचा शेला गेला. यापुढे दुभाष्या आळीच निवडेल, असं राजाने जाहीर केलं. आळीने भिवराला निवडलं. पुढच्या सभेला दोरी नव्हती. भिवरा मंचावर उभी राहिली. तिचे हात काही नाचत नव्हते, म्हणून टाळ्याही पडल्या नाहीत. राजाचा प्रत्येक शब्द सगुणाला कळला. कशाची गंमत वाटली की ती सवयीने शेजारी वळून बघायची. तिथे कोणी नव्हतं.

तात्पर्य : ज्याच्यासाठी सोय केली, ती त्याच्यापर्यंत पोचली का, हे त्यालाच विचारावं, बघणाऱ्यांच्या टाळ्यांवर जाऊ नये.