हौसाच्या पदराच्या गाठी

कुणीतरी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतंय. नाव नाही घेत मी, पण पापण्या हलताहेत बरं का. असू दे.

तर एका राजाच्या महाद्वारात हौसा नावाची बाई चाकरीला होती. येईल त्या पाहुण्याला ओवाळायचं आणि गोड हसायचं, हे तिचं काम. हसू मावळलं की चाकरी गेली, अशी राजाची ताकीद.

एकदा काय झालं, पालखी दारात आणि निरोप आला, हौसाची गाय नदीच्या पुरात वाहून गेली. हौसा हसली. घरी जाऊन रडू, विसरायला नको, म्हणून तिनं पदराला गाठ मारली. पण घरी चूल, पाणी, भाकरी. रडायचं राहूनच गेलं. मग तिची आई गेली. त्या दिवशी पाहुणे हत्तीवरून आले. हौसा हसली, दुसरी गाठ मारली.

मग एक दिवस नवरा धावत आला. पोर तापानं फणफणलीय, सारखी आई आई करतेय, तुझाच धोसरा घेतलाय, म्हणाला. हौसानं रजा मागितली. दिवाणजी म्हणाले, परमुलखाचा राजा वेशीवर आलाय, आधी हसून घे, मग जा. हौसानं तिसरी गाठ मारली, तबक उचललं, आणि पदर जमिनीला टेकला तो हलेचना. एकेक गाठ जात्याएवढी जड! चार पहारेकऱ्यांनी ओढलं, तरी नाही.

तेवढ्यात पाहुणा राजा दारात आला. आपला राजा हौसाला म्हणाला, "हस."

हौसानं तबक खाली ठेवलं. मान ताठ केली.

"महाराज, हात तुमच्या चाकरीला आहेत. हसू माझं आहे. आज ते नाही."

मग भर दारात तिनं गाठी सोडल्या. गाईसाठी रडली. आईसाठी रडली. तिसरी सोडली तसा पदर पिसासारखा हलका झाला, आणि ती लेकीकडे निघाली. काय सांगू तिची चाल, राण्यांनी शिकावी अशी! आईचा हात कपाळावर पडला आणि पोरीचा ताप उतरला.

इकडे पाहुण्या राजानं आपला शेला चाचपला. त्यालाही गाठी! तो पायरीवर बसून सोडायलाच लागला. ते पाहून आपला राजा शरमला. हसण्याची ताकीद त्यानं मागे घेतली आणि हौसाला मानानं परत बोलावलं. सगळे सुखात राहिले. चला, कुशीवर वळा आता.

हो, एक राहिलं. राजानं सगळ्या चाकरांना गाठी सोडायला सांगितलं. उग्र तोंडाचा एक म्हातारा पहारेकरी पुढे आला नि हळूच म्हणाला, "महाराज, माझ्या गाठीत रडू नाही. पाहुण्यांच्या मिशा बघून वीस वर्षं दाबलेलं हसू आहे. इथंच सोडू, की लांब जाऊ?"