ठकूआईची तहान

माळावरचा तो काळा खडक दिसतो ना, त्याच्यावर पाय देऊ नका रे. टेकायचं तर खाली मातीत टेका. आधी ऐका, मग काय ते विचारा.

फार वर्षांपूर्वी, माझ्या आज्याच्या आज्यालाही नीट सांगता यायचं नाही इतक्या वर्षांपूर्वी, या गावात ठकूआई नावाची बाई होती. बियाण्याची पारख करायची. शाळू पेरायच्या आधी घरोघरची माणसं मूठमूठ बी तिच्याकडं आणून द्यायची. ती प्रत्येकाचं बी वेगळ्या खापरात रुजवायची, कोंब हिरवे झाले की खापरं या खडकावर मांडायची आणि पाणी तोडायची. वर भादव्याचं ऊन, खाली तापलेला दगड. रोपं माना टाकायची. ज्या घरचं रोप शेवटपर्यंत उभं राहील, त्या घरचं बी गावानं पेरायचं. "लाडावलेलं रोप रानात रडतं," ती म्हणायची. "रडायचं ते इथंच रडू दे."

आणि ती रोपं खरंच रडायची, असं म्हणतात. भर दुपारी खडकाजवळून गेलं की बारीक आवाज यायचा, तान्ह्या पोरासारखा. गुराखी वाट वाकडी करून जायचे.

पण काटा येतो तो पुढचं ऐकून. ज्या दिवशी ठकूआई रोपांचं पाणी तोडायची, त्या दिवशी स्वतःचंही तोडायची आणि खापरांशेजारीच खडकावर बसून राहायची. बाया म्हणायच्या, "अगं, मरशील की!" तर उलट फणकारायची, "त्यांना तहानेलं ठेवून मी घटाघटा पिऊ होय? लाज नाही वाटायची?" दरसाल ती खडकावरून पार सुकून उठायची, पण उठायची.

एका साली मात्र दुष्काळ असा पडला की विहिरींचा तळ दिसला. गावात एकदा पेरण्यापुरतंच बी उरलं. पारख चुकली तर दुसऱ्यांदा पेरायला दाणा नाही. खडकावर एकेक रोप पडत गेलं, शेवटी दोन खापरं राहिली. ती काही पडेनात. इकडं ठकूआईचे ओठ फुटले, डोळे आत गेले आणि ती खापरांशेजारी आडवी झाली.

तिला एकुलती एक लेक होती, येसू. लेकीचाच जीव तो, राहवतंय होय! तिनं रोपांना हातही लावला नाही. फक्त तांब्या आणला आणि बेशुद्ध आईच्या तोंडात पाणी सोडलं. आई गिळायला लागली, आणि येसूच्या डोळ्यांदेखत खापरांतली माती ओली झाली. दोन्ही रोपं तरारली.

ठकूआईनं डोळे उघडले, माती चाचपली. आता सोसणारं कोणतं आणि पाण्यावर उभं कोणतं, कळायला मार्ग नव्हता. रानातली होती नव्हती ती ओलही उडून चालली होती.

"आई, मी रोपांना नाही गं पाजलं. तुलाच पाजलं," येसू हुंदके देत म्हणाली.

"ते एकच गं, बाय." ठकूआईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू वाईट नाही केलंस. पण आता मला परत बसायला लागणार. या खेपेला माझ्याकडं बघू नको."

येसू पाठ करून बसली. हातात तांब्या, तोही भरलेला. मागून रडणं ऐकू यायला लागलं, आणि ते रोपांचं की आईचं हे तिला कळेना. तिनं तांब्या घट्ट धरला, पण उठली नाही. काय झालं असेल हो त्या पोरीच्या काळजाचं!

आवाज थांबला तेव्हा ती वळली. एक रोप आडवं झालं होतं. दुसरं ताठ उभं होतं, आणि त्याची मुळं खापर फोडून खडकात शिरली होती. ठकूआई नव्हती. बसल्या जागी तिचं लुगडं तेवढं होतं, ठणठणीत कोरडं.

गावानं त्या रोपाचं बी पेरलं. त्या साली आभाळातून थेंब आला नाही, तरी शाळू माणसाच्या डोक्यावर गेला, असं म्हणतात.

अजूनही पेरणीआधी आपण इथं खापरं मांडतो. त्यांच्यात एक खापर बिनबियाचं असतं. पारख झाली की गावातली एखादी लेक तांब्या घेऊन येते आणि आपण सगळे पाठ फिरवतो. ती त्या रिकाम्या खापरात पाणी ओतते आणि एवढंच म्हणते, "पी गं आई, आता पी."

वळून बघावं तर खापर कोरडं. ऊन म्हणता? अरे, मान वळेपर्यंत तांब्याभर पाणी आटतं होय? यंदा पाठ फिरवाल तेव्हा कान उघडे ठेवा. घोट गिळल्याचा आवाज येतो.